आठ निऱ्या

कुणाही बाईकडे एकदा नजर टाकली की ती पळी आहे, लोटी आहे, वरवंटा आहे की सुरई, हे शैला मगदूम सांगून मोकळी व्हायची. उंच आणि सडसडीत ती पळी. बुटकी आणि मध्यावर गोल ती लोटी. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एकाच रुंदीचा तो वरवंटा, आणि वरून नाजूक, कमरेखाली ऐसपैस ती सुरई. इचलकरंजीच्या आपल्या दोन खोल्यांत, खिडकीच्या गजाला मोबाइल बांधून व्हिडिओ काढत तिने हे पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा बायका आधी पोट धरून हसल्या आणि मग आपापलं भांडं ओळखून कपाटं उपसायला लागल्या.

कारण तिचा सल्ला खिशाला परवडणारा होता. नवं घेऊ नका, आहे तेच उसवा, हे तिचं पहिलं वाक्य. लोटीने मोठ्या काठांच्या वाटेला जाऊ नये. बारीक काठ घ्यावा, बाही कोपरापर्यंत ठेवावी आणि कुडत्याची चीर थोडी वर न्यावी, म्हणजे उंची वाढल्यासारखी वाटते. वरवंट्याने जुन्या साडीच्या काठाचा पट्टा करून कमरेला बांधावा. पळीने आडव्या रेघा बिनधास्त घालाव्यात. सुरईने गळ्याशी उठावाचा रंग आणावा, बघणाऱ्याची नजर तिथेच अडकते. यंत्रमागाच्या गावात कटपीसला तोटा नव्हता आणि शैलाच्या तोंडाला तर मुळीच नव्हता.

तिची थोरली बहीण कुमुद, म्हणजे अक्का, ही अस्सल लोटी. अक्काला दोन स्थळांनी निव्वळ जाडीवरून नकार दिला होता. दुसऱ्या वेळी तर पाहुण्यांतल्या एका बाईने चहाचा कप खाली ठेवता ठेवता "धाकटी असली तर बघू" असं म्हटलं होतं. धाकटी म्हणजे शैला, शाळेत जाणारी. अक्का मोरीत जाऊन कपबशा विसळत बसली. पुढे तिचं लग्न चांगल्या माणसाशी झालं, संसार मार्गी लागला, पण ती पाठमोरी अक्का शैलाच्या डोळ्यांपुढून कधी हलली नाही. बायकांना अंगावरून कुणी बोललं की शैलाच्या तळपायाची आग मस्तकात जायची ती तेव्हापासून.

मग 'सावर' नावाचं कापड आलं.

गावातल्याच एका कारखान्याने प्रयोगशाळा काढली होती. तिथल्या अभिनंदन चौगुले या तरुण इंजिनिअरने एक नवं सूत तयार केलं. केसासारखा बारीक प्लॅस्टिकचा धागा, पण स्प्रिंगसारखा पीळ दिलेला. जराशी ऊब मिळाली की तो आखडायचा, गार झाला की सैल पडायचा. आपले स्नायू करतात तेच. ऊब द्यायला लागणारी वीज माणसाच्या हालचालीतून मिळायची. शिवाय धागा ताणला गेला की त्यातून जाणारी वीज बदलायची, त्यामुळे किती ताणलाय हे त्याचं त्यालाच कळायचं. म्हणजे टेपही तोच आणि शिंपीही तोच. असं सूत दोन पदरांत विणलं की कापड हवं तिथे आवळून बसे, हवं तिथे फुगून भरीव दिसे आणि कडांना गडद होऊन कंबर आत घेई. कापडाची सगळी अक्कल मानेमागच्या एका बटणात होती. बटण काढलं की उरायचं ते नुसतं ढगळ फडकं.

पण कुठे आवळायचं आणि कुठे फुगायचं, हे त्या अकलेला शिकवणार कोण? चौगुले शैलाच्या दारात आला. वर्षभर बसून तिने तिची सगळी विद्या त्याला सांगितली. जाडीला सडपातळ दाखव, वाळकीला भरदार दाखव, पोक काढणारीची पाठ सरळ धर. साध्या कुडत्याहून थोडासाच महाग, आणि अंग सुटो की वाळो, एकच कपडा वर्षानुवर्षं मापाचा. बायकांच्या उड्या पडल्या.

एकाच गोष्टीवरून दोघांचं वाजलं होतं.

"शैलाताई, हे कापड दिवसभर अंग मोजत असतं," चौगुले म्हणाला होता. "कुणाचं वजन भराभर उतरायला लागलं, पायावर सूज आली, तर याला सगळ्यांच्या आधी कळेल. मोबाइलवर एक निरोप टाकू या, डॉक्टरांना दाखवा म्हणून."

"अजिबात नाही. बाई दारात उभी राहिली की जो तो तिला सांगतोच, जाड झालीस, वाळलीस. निदान तिच्या अंगावरच्या कापडाने तरी चुगली करू नये."

"दुसऱ्या कुणाला नको. तिचं तिलाच सांगायचं."

"तिलासुद्धा नको. आणि रोजचं माप रोज पुसून टाकायचं. नाहीतर माझी विद्या मी परत घेऊन चालले."

चौगुलेने तिचं मानलं. कंपनीने मग याच गोष्टीची जाहिरात केली: कधीच काही न बोलणारं कापड. पहिला ब्लाऊज शैलाने अक्काला दिला. अक्काने आरशात बघून पदराने डोळे पुसले, आणि शैलाला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

तीन वर्षांत इतका फरक पडला की हळदीकुंकवाला बायका एकमेकींना भेटल्या की पहिल्या वाक्याला अडखळायच्या. वाळलीस म्हणावं तर ती वाळलेली दिसत नाही आणि सुटलीस म्हणायची सोय नाही. शैलाला याचा कोण अभिमान!

अक्काच्या मुलीचं, मृणालचं, डोहाळजेवण जयसिंगपूरला अक्काच्या घरी होतं. मृणालचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. या खेपेला डॉक्टरांनी तिला जपायला सांगितलेलं, त्यामुळे सांगलीची सासरची माणसं तिला सातव्यातच माहेरी सोडून जाणार होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज आणि अक्काचा हट्टही. भाऊजी, म्हणजे अक्काचे यजमान, कर्नाटकातल्या साखर कारखान्यावर. हंगाम चालू असल्याने महिना महिना घरी येत नव्हते. सगळी तयारी अक्काने एकटीने केली होती.

शैला सकाळीच पोचली. अक्काचं इरकल नेसवायचं काम तिचंच. कुठलंही कार्य असो, अक्का शैलाकडूनच नेसायची. आज मात्र अक्का म्हणाली, "नेसते की माझी मी. तू बाहेरचं बघ."

"उगंच शहाणपणा करू नगंस. हो सरळ."

अंगात सावरचा ब्लाऊज, खाली साधा सुती परकर. सावरचे परकर अजून निघाले नव्हते. शैलाने साडीचा फेरा घेतला, पदर काढला आणि बोटांनी निऱ्या घालायला लागली. तोंडाने बडबड चालूच होती. अक्काला पाच निऱ्या येतात हे तिच्या बोटांना पाठ होतं. पाच झाल्या की उरलेलं तिरकं करून खोचायचं. पाच झाल्या. सहावी झाली. कापड उरलंच. सातवी, आठवी. तिची बडबड थांबली.

तिने निऱ्या सोडल्या आणि परत घातल्या. आठच आल्या.

"अक्का, ही साडी तीच न्हवं? तुझ्या लग्नातली?"

"न्हाई... ही दुसरी. हिचा पन्हा मोठा हाय."

"पन्ह्यानं निऱ्या वाढत न्हाईत, हे मला सांगतीस?" साडी तीच होती. काठावरचा तेलाचा डाग शैलाने स्वतः घासून फिकट केलेला.

साडी बिचारी आवळत नाही, फुगत नाही. जेवढी कंबर कमी तेवढं कापड उरतं. शैलाने बहिणीकडे पाहिलं. गोल खांदे, भरलेले दंड, नेहमीची अक्का. तिने हात पुढे केला तशी अक्का मागे सरली आणि कपाटाला टेकली.

"बटणाला हात लावू नगंस, शैला."

शैलाने लावला. बटण निघालं आणि ब्लाऊजमधला जीव गेला. कापड खांद्यावरून ओघळलं. गळ्याखाली दोन हाडं वर आलेली, दंडाची कातडी लोंबणारी.

"काय झालंय तुला?"

अक्काने आधी जाऊन दाराची कडी तपासली. "पोटात गाठ हाय. मिरजेला जाऊन दाखवून आले गुपचूप. लगेच ऑपरेशन करू म्हणाला डॉक्टर."

"मग?"

"मग काय? बाळंतपण झालं की करीन."

"अगं, दोन अडीच महिने थांबायचं हाय का हे? डॉक्टर काय म्हणाला? खरं सांग."

अक्का ओघळलेला ब्लाऊज खांद्यावर ओढत राहिली. तेवढ्याने शैलाला कळलं.

"डॉक्टर विचारत होता, वजन कधीपासून उतरतंय," अक्का म्हणाली. "मी काय सांगणार? कपडे तर अंगाला नीट बसत होते. जरा दमायला होतंय एवढंच वाटायचं. मी म्हटलं, एवढं हुशार कापड हाय, काही कमीजास्त असतं तर कळवलं असतं की त्यानं."

त्या कापडाला कळलं होतं. रोज कळत होतं. रोज ते थोडं जास्त फुगत होतं आणि तिच्याच हुकमाने सगळं पुसून टाकत होतं.

"मी थांबवलं होतं त्याला," ती म्हणाली. "बोलू नगंस म्हणून मीच सांगितलेलं."

"ठाऊक हाय. माझ्यासाठीच केलंस." अक्काने तिच्या हातातून बटण काढून घेतलं. "आता माझ्यासाठीच तूबी गप बस. मृणालचं एक पोर गेलंय. या दिवसांत हे ऐकलं तर हेबी जाईल. आणि विहीणबाईंना कळलं तर त्या पोरीला इथं ठेवतील व्हय? एवढंसं कापड गप बसतंय, तुला जमंना?"

बाहेरून कुणीतरी हाक मारली. पाहुण्यांची गाडी आली होती. अक्काने शैलाचा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "शपथ घे."

"अक्का..."

"घे म्हणते न्हवं!"

शैलाने शपथ घेतली. अक्काने बटण लावलं, खांदे भरून आले, आणि दार उघडून हसत बाहेर गेली ती नेहमीची लोटी.

हॉलमध्ये फुलांचे दागिने घालून मृणाल खुर्चीवर बसली होती. बायका गाणी म्हणत होत्या. शैला भिंतीला टेकून उभी राहिली, आणि समोर जे चाललं होतं ते बघवेना तिला. अक्का पुरणपोळ्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून आली आणि मध्येच तिचा तोल गेला. पाठ वाकायला लागली. त्याच क्षणी मानेखाली कापड आखडलं, खांदे मागे ओढले गेले आणि अक्का ताठ झाली. पोक काढणारीची पाठ सरळ धर. शैलाचाच नियम. बाई आतून कोसळत होती आणि कापड तिला उभी करून चारचौघांत मिरवत होतं.

ती मागच्या पडवीत गेली आणि चौगुलेला फोन लावला. दोन वाक्यांत सांगितलं.

"तिच्या कापडातलं जुनं माप काढून दे. कधीपासून उतरतंय हे डॉक्टरला हवंय."

"ताई, ते रोज पुसलं जातं. तुम्हीच..."

"माहितीये मीच. मग आजपासून सगळ्या कापडांना बोलतं कर. तिच्यासारख्या आणखी किती असतील रे?"

"करता येईल. पण उद्या सकाळी हजारो घरांत एकदम निरोप जातील, घबराट होईल. काही बोलणार नाही असं सांगून विकलंय आपण. हे असं फोनवर ठरवायचं नाही. ताई, कापडाचं मग बघू. आत्ता तुमच्यासमोर आहेत त्यांचं बघा."

शैला आत आली तेव्हा ओटी भरून झाली होती. मृणालची सासू पद्माबाई खोत पदर सावरत उठत होत्या.

"विहीणबाई, आता निर्धास्त झाले मी," त्या अक्काला म्हणत होत्या. "तुमची तब्येत अशी ठणठणीत. माझे तर गुडघे धरलेत. पोरीला तुमच्या हवाली करून जाते."

"काळजीच करू नका," अक्का म्हणाली.

अक्काच्या मानेमागचं बटण शैलाच्या हाताच्या अंतरावर होतं. एक झटका, की झालं. तिचा हात उठलाही. पण चारचौघींत बहिणीचं अंग उघडं करायचं? ज्या नजरांपासून तिला लपवायला एवढा खटाटोप केला त्यांच्याचपुढे? तिने हात खाली घेतला.

"मृणालला इथं ठेवू नका, पद्माताई. अक्का आजारी हाय. पोटात गाठ हाय. उद्याच्या उद्या ऑपरेशनला न्यायला पाहिजे तिला."

गाणं थांबलं. अक्का वळली आणि चक्क हसली. "काय बोलतीस? ऐन कार्यात असली थट्टा करतात व्हय? बघा की माझ्याकडं, आजारी दिसते मी?"

सगळ्यांनी पाहिलं. गोल खांदे, भरले दंड, ताठ पाठ. तिच्या अंगावरचं कापड शैलाला खोटं पाडत होतं, आणि ते शैलानेच शिकवल्याप्रमाणे चोख करत होतं.

"शैलाताई, तुमचंच सावर हाय न्हवं अंगावर?" कुणीतरी म्हणालं. दोघीतिघी हसल्या. "त्यात कशी आजारी पडंल बाई?"

"मावशी, काहीही काय बोलतेस?" मृणालचा चेहरा रागाने लाल झाला होता.

मृणालचा हात पोटावर होता. आपण गप्प बसलो तर एक जीव जातो आणि बोललो तर कदाचित दुसरा, हे शैलाला त्या क्षणी लख्ख दिसत होतं, आणि तरी ती बोलली.

"अक्का, आज निऱ्या किती आल्या ते सांग सगळ्यांना."

अक्काने हसत हसत पदर ओढून पोटावर घेतला.

"मी नेसवलंय तिला. आठ आल्यात. हीच साडी, हीच बाई. गेल्या वर्षी पाच येत होत्या."

खोलीतल्या एकूण एक बाईला साडी नेसता येत होती. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. हसणाऱ्या गप्प झाल्या. मृणाल खुर्चीचा हात धरून उठली, सावकाश आईजवळ आली आणि तिच्या कमरेशी खोचलेल्या निऱ्यांवरून बोट फिरवायला लागली. पाचव्या निरीपुढे बोट गेलं आणि तिथेच थांबलं.

"आई," ती म्हणाली, आणि तिला धाप लागली.

"मृणाल! बस, बस आधी!" अक्का किंचाळली. मग शैलाकडे वळून तिने तिच्या थोबाडीत मारली. "शपथ मोडलीस! हिला काही झालं तर तुझं तोंड बघणार न्हाई मी!"

गालावर बोटं उमटली तरी शैला हलली नाही. ती मृणालच्या श्वासाकडे बघत होती. पद्माबाईंनी सुनेला धरून बसवलं, पाणी पाजलं, पोटावर हात ठेवून तिच्याबरोबर त्याही श्वास घेत राहिल्या. बऱ्याच वेळाने मृणाल म्हणाली, "हलतंय. बाळ हलतंय." आणि रडायला लागली.

पद्माबाई उठल्या. दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकत त्या अक्कासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"विहीणबाई, तुमची कपड्यांची पिशवी भरा. मिरज काय लांब न्हाई. आधी तुमचं बघू, मग तुम्ही दोघीबी माझ्या घरी."

"पहिलं बाळंतपण माहेरी असतंय," अक्का पुटपुटली.

"आई असते ते माहेर. आई माझ्या घरी आली की तिथंच झालं माहेर. चला."

अक्काने स्वतःच मान वाकवून बटण काढलं आणि शैलाच्या हातात न देता देवासमोरच्या पाटावर ठेवलं. ओघळलेल्या ब्लाऊजवर मृणालने शाल पांघरली. बायका वाट सोडून बाजूला झाल्या.

गाडीत जागा नव्हती, म्हणून शैला मागून रिक्षाने येणार होती. फाटकापर्यंत ती चालत गेली. उद्या कारखान्यात जायचं, चौगुलेसमोर बसायचं, कापडाने जिचं तिला तरी सांगितलंच पाहिजे हे सगळ्यांच्या गळी उतरवायचं. ज्या तोंडाने अडवलं त्याच तोंडाने. हे सगळं तिच्या डोक्यात होतं, पण डोळे गाडीच्या काचेवर होते. आत अक्का शालीत बसली होती. इतकी लहान अक्का तिने कधी पाहिली नव्हती.

काच खाली आली.

"ऑपरेशन होईपर्यंत बोलणार न्हाई मी तुझ्याशी," अक्का समोर बघत म्हणाली.

"नगंस बोलू."

"जगले-वाचले तर मात्र सोडणार न्हाई. जन्मभर भांडीन."

"भांड," शैला म्हणाली. "तेवढ्यासाठी तरी जग."

गाडी सुरू झाली. अक्काचा वाळका हात खिडकीतून बाहेर आला आणि शैलाच्या लाल झालेल्या गालावरून फिरून आत गेला.